काम टेलरचं आणि पगार हेल्परचा? गारमेंट फॅक्टरीतल्या इंदूरच्या बायकांनी काय करायचं

कोणतीही फॅक्टरी तोंडावर सांगणार नाही की तुम्ही बाई आहात म्हणून कमी देतोय. ते फक्त मस्टरमध्ये (हजेरीच्या रजिस्टरमध्ये) "हेल्पर" लिहितात आणि विषय संपतो. मशीनवर तुम्ही बसता, कॉलर तुम्ही लावता, टार्गेट तुम्ही काढता, पण कागदावर तुम्ही हेल्पर आणि शेजारच्या मशीनवरचा भिया (म्हणजे भाऊ) टेलर. मी बरीच वर्षं इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका युनिटच्या टाइम ऑफिसात बसले, मस्टर, ओटीचं (ओव्हरटाइमचं) रजिस्टर, पगाराची शीट सगळं हाताखालून गेलंय, म्हणून सांगते की सुपरवायझरशी फ्लोअरवर तोंड वाजवून काही हाती लागत नाही, ऑफिसर लोक शेवटी रजिस्टर उघडूनच बघतात आणि रजिस्टर त्यांचं असतं. म्हणून आपलं एक हवं.

शंभर पानी वही घ्या. ती घरी ठेवायची, लॉकरमध्ये अजिबात नाही. रोज दोन-तीन ओळी लिहायच्या, बस्स. तारीख, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, कोणती लाइन, कोणतं ऑपरेशन (नुसतं "शिलाई" लिहू नका, कॉलर अटॅच, बाही जोडणं, साइड सीमचं ओव्हरलॉक, काज-बटण, जे असेल ते नावानिशी), किती पीस, आणि तेच ऑपरेशन अजून कोण करत होतं. म्हणजे असं काहीसं:

"१२ तारीख. आत ८.५०, बाहेर ७.४०. लाइन ३. कॉलर अटॅच, ३१० पीस. शेजारी तेच काम, तो टेलर ग्रेडमध्ये, २९० पीस. ६ ला कार्ड पंच करायला लावून परत मशीनवर बसवलं."

एवढ्यात तीन गोष्टी आल्या बघा. काम सारखं, पीस जास्त, आणि ओटी चोरली. बऱ्याच ठिकाणी फोन गेटवर जमा करतात त्यामुळे फ्लोअरवर फोटोबिटो विसरा, कंपनीच्या बसमध्ये बसलात की लिहायला घ्या, राऊ येईपर्यंत होऊन जातं. पीस रेटवर असाल तर बंडलचं तिकीट फेकू नका, त्यावर ऑपरेशन आणि पीस लिहिलेले असतात. आणि दहा दिवसांचं एकदम बसून लिहायचं नाही, एकाच पेनाने एकाच दमात लिहिलेली वही कोणालाही ओळखू येते.

वहीसोबत एक फाइल. अपॉइंटमेंट लेटर, आयडी कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो, पगाराच्या स्लिपा, बँक पासबुक, ईएसआय नंबर, पीएफचा यूएएन नंबर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यात अपॉइंटमेंट लेटर सगळ्यांना द्यायचंच आहे आणि पगाराची स्लिप पण, ठेकेदाराच्या माणसांनाही. मागितल्यावर "बाद में आना" म्हणाले तर व्हॉट्सअ‍ॅपवर एचआरला एक ओळ टाका की आज अपॉइंटमेंट लेटर मागितलं, मिळालं नाही. उत्तर नाही आलं तरी चालेल, तुमचा मेसेज तारखेसकट राहिला ना. पीएफला रजिस्टर असलेल्या नंबरवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला की शिलकीचा मेसेज येतो, आणि पीएफच्या पासबुकात तुम्ही नक्की कोणत्या फर्मच्या नावावर आहात ते दिसतं. वर्षानुवर्षं एकाच गेटमधून आत जाणाऱ्या बाईचं पासबुक उघडलं तर त्यात तीन-तीन ठेकेदारांची नावं निघतात, हे मी पाहिलंय.

आता पगाराचा हिशोब

१९७६ चा समान वेतन कायदा होता, त्याची जागा आता वेज कोडने घेतलीय, पण मुद्दा तोच की सारखं किंवा सारख्या प्रकारचं काम असेल तर बाई-पुरुष म्हणून मजुरीत फरक करायचा नाही, आणि कामावर घेतानाही नाही. इथे बघितलं जातं प्रत्यक्ष काम, लागणारं कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी, पदाचं नाव काय लिहिलंय ते नाही. म्हणूनच वहीत ऑपरेशन लिहायला सांगितलं. "तो मशीन रिपेअर पण करतो" किंवा "तो कापडाचे रोल उचलतो" असं ते म्हणतील, ते खरंच रोज होतं का हे पण वहीत टिपून ठेवा, महिन्यातून एकदा रोल उचलला म्हणून वर्षभर दोन हजार जास्त, असं चालत नाही.

समजा तुम्हाला १०,५०० आणि त्याच कामाचे त्याला १२,८००. फरक महिन्याला २,३००, वर्षाला २७,६००, तीन वर्षांचा ८२,८००. तीन वर्षं का धरली, तर मजुरीच्या क्लेमला तीन वर्षांची मुदत आहे. हा आकडा कागदावर मांडून दाखवला की घरचे पण गप्प होतात, नाहीतर सासूबाईंपासून सगळे "जाऊ दे गं, मिळतंय ते काय कमी आहे" वरच असतात. आणि लाइनवरचे पुरुष बिथरतात की तुमच्यामुळे आमचा कमी करतील, त्यांना सांगा की बरोबरी करायच्या नावाखाली कोणाचाही पगार खाली आणायला कायद्यात मनाई आहे.

ओटी डबल रेटने. दिवसाचे ४५० असतील तर तासाचे ५६ रुपये २५ पैसे, ओटीचा तास ११२ रुपये ५० पैसे. सिंगलने मिळत असेल तर अर्धी मजुरी मालकाच्या खिशात.

मिनिमम वेजचा चार्ट पण बघत जा. मध्य प्रदेशात अकुशल, अर्धकुशल, कुशल, उच्च कुशल अशा कॅटेगरी आहेत आणि महागाई भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो, त्यामुळे मैत्रिणीने मागच्या वर्षी सांगितलेला आकडा धरू नका. त्यात एप्रिल २०२४ चे वाढलेले दर हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाच्या स्टेमुळे बरेच महिने लटकले होते, डिसेंबरात स्टे उठला, तोवर प्रत्येक फॅक्टरी आपल्या सोयीचा चार्ट दाखवत होती. ताजा चार्ट श्रमायुक्तांच्या वेबसाइटवर मिळतो. रोज मशीन चालवणारी बाई अकुशलमध्ये दाखवलेली असेल तर पहिला प्रश्न तिथेच विचारायचा.

पोटुशी बाई आणि ऑडिटचा दिवस

भरतीच्या वेळी लग्न कधी करणार, मूल किती, पुढे प्लॅन काय, हे सगळं पुरुषाला विचारत नाहीत. बाईला विचारतात आणि काही ठिकाणी पोट दिसायला लागलं की धागा कटिंगला बसवतात आणि दोन महिन्यांत "अपने आप" राजीनामा येतो. तो राजीनामा देऊ नका. कोऱ्या कागदावर तर सही करूच नका, जॉइन करताना घेतलेल्या कोऱ्या सह्याच पुढे राजीनामा बनून बाहेर येतात.

पगार २१,००० पर्यंत आणि ईएसआय कापलं जात असेल (तुमच्याकडून पाऊण टक्का, कंपनीकडून सव्वातीन टक्के) तर बाळंतपणाचे पैसे ईएसआय देतं, कंपनी नाही. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे, त्यातले डिलिव्हरीच्या आधी जास्तीत जास्त ८. त्यासाठी मागच्या दोन कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये मिळून ७० दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन लागतं, हे पिरियड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलला नाव लावून घ्या आणि दिवस गेल्याचं कळल्यावर गरोदरपणाच्या कार्डाची कॉपी ऑफिसला देऊन पोच घ्या, म्हणजे नंतर "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणता येत नाही. ईएसआयची टोल फ्री लाइन १८००-११-२५२६. ईएसआय नसेल तर मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पैसे कंपनीनेच द्यायचे. त्या सुट्टीवर असताना काढून टाकणं बेकायदेशीर आहे, पूर्णविराम.

५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर लागतं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता आलं पाहिजे. आता पाळणाघर म्हणजे काय ते बघायचं असेल तर ऑडिटचा दिवस बघा, म्हणजे बाहेरची माणसं फॅक्टरी तपासायला येतात तो. एरवी कुलूप असलेल्या खोलीत त्या दिवशी झुला येतो, प्लास्टिकचा हत्ती येतो, कोणाच्या तरी घरून एक मूलही येतं, टॉयलेटमध्ये साबण येतो, आणि टॉयलेटला जायचं टोकन असतं ना लाइनला एकच, ते सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये गायब होतं. आदल्या दिवशी बायकांना ओळीत उभं करून शिकवतात की आठ तास काम, ओटी आपल्या मर्जीने, काही त्रास नाही. तुम्हालाही उभं केलं तर भांडू नका, त्या दिवसाची नोंद वहीत जरा मोठी करा, काय काय आलं आणि दुसऱ्या दिवशी काय काय गेलं.

एक्सपोर्टचं काम असेल तर पिसावरच्या लेबलचं ब्रँड नाव पण लिहून ठेवा. मोठ्या ब्रँडांचे आपले नियम असतात आणि तक्रारीचा नंबर बहुतेक कुठेतरी पोस्टरवर असतो, नेमका कपाटामागे. ब्रँडचा दबाव किती चालतो याचं उदाहरण तमिळनाडूतल्या दिंडिगुलचं. तिथे दलित बायकांच्या नेतृत्वाखालच्या तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियनने २०२२ मध्ये कंपनीशी आणि एच अँड एम, गॅप, पीव्हीएच सारख्या ब्रँडांशी करार केला, की फ्लोअरवरचा लैंगिक छळ थांबवायचा, तक्रार करणाऱ्या बाईला त्रास द्यायचा नाही, आणि कंपनीने पाळलं नाही तर ब्रँड ऑर्डरवर परिणाम करेल. पण तिथे युनियन होती. एकट्या बाईने ब्रँडला ईमेल करून इतकं होईल असं मी सांगणार नाही.

अंगचटीला येणारा सुपरवायझर

"टार्गेट कमी करतो, संडेला फोन उचल." बंडल देताना हात लावणं, पाठीमागे उभं राहून मशीनवर वाकणं, घाणेरडे व्हिडिओ दाखवणं, नाही म्हटलं की ऑल्टरचे (दुरुस्तीचे) पीस सगळे तुमच्याच टेबलावर. हे सगळं कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या पॉश कायद्यात येतं, फक्त अंगावर हात टाकला तरच येतं असं नाही. आणि कंपनीची बससुद्धा कामाची जागाच धरतात, त्यामुळे बसमध्ये झालेलं "बाहेर झालं" म्हणून झटकता येत नाही.

दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे आतली कमिटी हवीच, अध्यक्ष सीनियर बाई, निम्म्या तरी बायका आणि एक मेंबर बाहेरच्या संस्थेचा. नसेल तर मालकाला ५०,००० पर्यंत दंड. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची, सहा कॉपी, साक्षीदारांची नावं घालून. उशीर झाला असेल तर कारण लिहा, कमिटी अजून तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे कमिटीचं काम आहे, उपकार नाही. चौकशी ९० दिवसांत. तोवर त्याची किंवा तुमची बदली मागता येते किंवा तीन महिन्यांपर्यंत सुट्टी मागता येते, माझं मत विचाराल तर आधी त्याची बदली मागा, आपण का जागा सोडायची. "दहा हजार घे आणि मिटव" असं कमिटीच करायला लागली तर ते नियमात बसत नाही, समझोता तुम्ही मागितला तरच आणि पैशावर तर नाहीच. खोटी तक्रार म्हणून अडकवतील ही भीती सगळ्यांना असते, पण नुसतं सिद्ध झालं नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

मालकच त्रास देत असेल किंवा दहापेक्षा कमी माणसं असतील, तर जिल्ह्याची लोकल कमिटी. आणि इथे आपल्या बायका हमखास चुकीच्या दारात उभ्या राहतात. राहायला रामबागेत नाहीतर नंदानगरला, बस रोज इंदूरहून, म्हणून कागद घेऊन इंदूरच्या कलेक्टर ऑफिसला जातात. पीथमपूर धार जिल्ह्यात आहे. लोकल कमिटी धारची, पोलीस ठाणं पीथमपूरचं. फॅक्टरी परदेशीपुऱ्यात नाहीतर शहरात कुठे असेल तर इंदूर. शी-बॉक्स (SHe-Box) नावाचं केंद्र सरकारचं पोर्टल आहे, तिथे ऑनलाइन टाकलं तर हे फेरे वाचतात.

प्रकरण जास्त असेल तर कमिटीची वाट बघायची गरज नाही, पोलीस वेगळे आणि कमिटी वेगळी, दोन्ही एकदम चालतं. लैंगिक छळ भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये, पाठलाग ७८ मध्ये. "हे आमच्या हद्दीत नाही" म्हणाले तर झीरो एफआयआर म्हणा, ती कुठल्याही ठाण्यात लिहून घ्यावी लागते. रेकॉर्डिंग असेल तर ज्या फोनवर केलं तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

पगार, ग्रेड, ओटीसाठी कुठे जायचं

आधी कंपनीला लेखी, एका पानात. मी अमुक तारखेपासून हे ऑपरेशन करते, माझी ग्रेड ही, हेच काम करणाऱ्यांची ती, फरक एवढा, ग्रेड दुरुस्त करून फरक द्यावा. रडगाणं नको, कोणाला शिव्या नकोत. हिंदीत लिहा, पुढे ऑफिसात तेच चालतं, आपलं मराठी कौतुकाने वाचायला तिथे कोणी बसलेलं नाही. जमलं तर चौघी-पाचजणींनी मिळून सही करा, एकटीचा कागद कचऱ्यात जातो आणि पाचजणींचा फाइलला लागतो. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि पोचल्याचा ट्रॅकिंगचा प्रिंट जपून ठेवा (वेगळी रजिस्टर्ड पोस्ट आता राहिली नाही, सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच मिसळली).

पंधरा-वीस दिवसांत काही हललं नाही तर श्रम विभाग. राज्याच्या श्रमायुक्तांचं ऑफिस आपल्या इंदूरलाच आहे, एमजी रोडवर मोती बंगल्यात. कलेक्टर ऑफिस वेगळं, ते मोती तबेल्याला, म्हणून रिक्षावाल्याला नीट सांगा. पीथमपूरवाल्यांचा कागद धारच्या श्रम अधिकाऱ्याकडे चालेल. सोबत सीएम हेल्पलाइन १८१ ला पण टाका, फुकट आहे. पण त्याची एक गंमत माहीत असू द्या. तक्रार एल-१ पासून एल-४ पर्यंत वर चढत जाते आणि खालच्या अधिकाऱ्याला ती वर जायला नको असते, म्हणून फोन येतो, "मॅडम, आपका काम हो जाएगा, शिकायत बंद करवा दीजिए". पैसे खात्यात आल्याशिवाय बंद करायचं नाही. गोड बोलतील, साहेब नाराज होतील म्हणतील, तरी नाही.

वकिलाची फी परवडत नाही असं म्हणून गप्प बसू नका. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारतर्फे वकील फुकट मिळतो, जिल्हा कोर्टात विधिक सेवा प्राधिकरण आहे तिथे जा किंवा १५१०० ला फोन करा.

तक्रारीनंतर काय होतं

हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. काढत नाहीत लगेच. आधी मशीन काढून घेतात आणि धागा कटिंगला बसवतात, मग लाइन बदलतात, मग बंडलच देत नाहीत आणि संध्याकाळी टार्गेट झालं नाही म्हणून लिहून घेतात, आणि मग एक दिवस गेटवर गार्ड म्हणतो, "मॅडम, आज काम नाही, फोन करू". ती बाई घरी जाते, चार दिवस फोनची वाट बघते, आणि मस्टरमध्ये तिच्या नावापुढे रोज गैरहजेरी लागत जाते, मग "काम सोडून गेली". मी टाइम ऑफिसात असताना असे मस्टर डोळ्यांनी बघितलेत.

म्हणून गेटवर अडवलं की तिथेच उभं राहून एचआरला मेसेज टाका: आज ८.४५ ला ड्युटीवर आले, गेटवर आत घेतलं नाही, मी कामाला तयार आहे. दुसऱ्या दिवशी परत जा, परत तोच मेसेज. तिसऱ्या दिवशी तेच लिहून स्पीड पोस्ट. एवढं केलं की "काम सोडून गेली" टिकत नाही. नोकरीवरून काढल्याचं प्रकरण लेबर ऑफिसरकडे समझोत्याला जातं, तिथे ४५ दिवसांत नाही सुटलं तर ट्रिब्युनलमध्ये स्वतः जाता येतं, काढल्यापासून दोन वर्षांच्या आत.

नाइट शिफ्टचं एक राहिलं. संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी बाईला तिच्या संमतीशिवाय ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षेची जबाबदारी मालकाची. सगळ्यांच्या सह्या एका रजिस्टरवर घेऊन टाकतात, वर काय लिहिलंय ते वाचा आणि मग सही.

घरी बसून काज-बटण, तुरपाई करणाऱ्यांचं गणित वेगळंच आहे. तिथे मस्टर नाही, ठेकेदार बंडल टाकून जातो आणि रेट पण तोच ठरवतो. तुमच्यासाठी निदान एवढं, की किती पीस आले, किती गेले, रेट काय ठरला, हे त्याच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच वेळी टाका आणि त्याचा "ओके" घ्या. आणि पीएफ-ईएसआय नसेल, वय १६ ते ५९ असेल तर ई-श्रम कार्ड काढून ठेवा.

शेवटी एखादीला वाटलं की पुरे झालं, सोडते, तर सोडा, त्यात काही कमीपणा नाही. फक्त राजीनामा स्वतःच्या हाताने, तारीख घालून, आणि "स्वखुशीने" हा शब्द खुशी नसेल तर लिहू नका, खरं कारण लिहा. राहिलेला पगार दोन वर्किंग डेजमध्ये मिळायला हवा. "फुल अँड फायनल मिळालं" अशा कागदावर सही करायच्या आधी खात्यात पैसे आलेत का बघा, आणि सहीखाली लिहा की ग्रेडच्या फरकाचा क्लेम बाकी आहे. तीन वर्षांची मुदत नोकरी सोडल्यावरही चालू असते.